काट्यावर खोळंबलेली रांग

दूधगंगेच्या काठच्या आमच्या कागल तालुक्यात गाळप हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्याच्या काट्यावर रात्र आणि दिवस यांतला भेद उरत नाही; ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या अखंड येत राहतात, आणि प्रत्येक खेपेचे भरलेले व रिते वजन, शेतकऱ्याचा खातेक्रमांक, गट, उसाची जात, लागण की खोडवा, एवढा तपशील एका पावतीसरशी डेटाबेसात जमा होतो. या नोंदींचे स्वतंत्र कोठार, म्हणजे डेटा वेअरहाऊस, उभारण्याचे काम येथील एका कारखान्यात माझ्याकडे आले. तेव्हा नोंदी उचलणे, शुद्ध करणे आणि कोठारात भरणे हे काम वेगळ्या ईटीएल साधनाकडे द्यावे, की डेटाबेसच्याच एसक्यूएलवर सोपवावे, याचा निर्णय मी पुरेशा चौकशीवाचून केला, आणि त्याचा जाच ज्यांचा या प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांना सोसावा लागला.

प्रथम मी साधन निवडले. मूळ नोंदी आणि कोठार ही दोन्ही एकाच डेटाबेसात असताना, माझ्या रचनेमुळे प्रत्येक ओळ नेटवर्कवरून साधनाच्या सर्व्हरवर जाई, तिथे खातेक्रमांकाचा शोध होई, आणि मग ती एकटीच परत येई. जे काम एका आज्ञेने सबंध समूहावर व्हावयाचे, ते ओळीओळीने चालल्यामुळे रात्री लावलेले काम सकाळी कचेरी उघडली तरी संपत नसे. दोष साधनाचा नव्हता. पण मी तो त्याच्या माथी मारला, ते काढून टाकले आणि सर्व प्रक्रिया डेटाबेसातच लिहिली. ती इतकी वेगवान निघाली की मी ती दर तासाला चालवू लागलो, तीही काटा ज्यावर अवलंबून होता त्याच चालू डेटाबेसवर.

जानेवारीतील एका संध्याकाळी बेरजांचे मोठे काम आणि काट्याच्या नोंदी एकाच डिस्कसाठी झगडू लागल्या, आणि क्षणात निघणारी पावती मिनिटे घेऊ लागली. मी काट्याकडे गेलो, तेव्हा रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत पोचली होती. बैलांच्या मानेवर जू तसेच होते, आणि एक गाडीवान वाढ्याची पेंढी त्यांच्या तोंडापुढे धरून उभा होता. "सायेब, पावती कवा निघायची? सकाळपास्नं बैलं जुपल्यात," एवढेच तो म्हणाला. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, आणि शेतकऱ्याचे बिल व गाडीवानाची मजुरी ही दोन्ही टनावर ठरतात. मी केबिनमध्ये जाऊन ते काम तत्काळ थांबवले.

दुसरा धडा गट कार्यालयांतून आलेल्या एक्सेलच्या तक्त्यांनी दिला. त्यांतील नावे युनिकोडपूर्व जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टंकलेली असल्यामुळे डेटाबेसला ती रोमन अक्षरांची अर्थहीन माळ दिसे, आणि एका सदोष ओळीपायी सबंध भरणा माघारी फिरे. फॉन्टचे रूपांतर करणारे आणि नाकारलेली प्रत्येक ओळ कारणासह वेगळ्या दप्तरी ठेवणारे ईटीएल साधन येथे खरोखर उपकारक ठरले.

म्हणून, या कामात नव्याने पडणाऱ्यांनी साधनाचे नाव विचारण्यापूर्वी माहिती कुठे राहते ते विचारावे. मूळ आणि कोठार एकाच जातीच्या डेटाबेसात असतील, तर जोडणी आणि बेरजा तिथेच, समूहाने कराव्यात. ओरॅकलमध्ये ९आय आवृत्तीपासून आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून असलेली मर्ज ही आज्ञा नव्या ओळी घालणे आणि जुन्या दुरुस्त करणे एकदमच करते. मुळे अनेक आणि विजातीय असतील, तर आणणे, तपासणे आणि नाकारणे साधनाकडे द्यावे, आणि जड हिशेब कोठाराच्या डेटाबेसकडून करवावा. कोठार मात्र निराळ्या यंत्रावरच असावे, आणि चालू डेटाबेसमधून शेवटच्या खेपेनंतर बदललेल्याच ओळी उचलाव्यात. रोजच्या भरण्यानंतर पावत्यांची संख्या आणि निव्वळ वजनाची बेरीज यांची दोन्हीकडे रुजवात घालावी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते, न दिल्यास सालिना १५ टक्के व्याज चढते, आणि थकबाकीच्या अहवालात एक पावती गळाली तर कोणाचे तरी देणे दृष्टीआड होते.

आणि कोणत्याही कामाची वेळ ठरवण्यापूर्वी हंगामातील एक रात्र काट्याच्या केबिनमध्ये बसून काढावी, पावती छापायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे, आणि काम सुरू केल्यावर तिथेच बसून पुन्हा मोजावे.