आकाशातून दिसणारी खाण

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांच्या डोंगरांत लोहखनिज आहे. ते काढण्यासाठी झाडी तोडून डोंगर वरून खोदीत जावे लागते. एक टन खनिजामागे साधारणतः अडीच ते तीन टन निरुपयोगी माती बाजूला टाकावी लागते. पावसाळ्यात तिचे ढीग वाहू लागतात आणि तांबडा गाळ ओढ्यांवाटे भातखाचरांत व पुढे मांडवी-जुवारी नद्यांत उतरतो. गाळाने भरलेले खाचर पूर्वीसारखे पिकत नाही. शेतकरी तक्रार करतो. परंतु गाळ कोठून आला, केव्हापासून साचत गेला, हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. अशा वेळी सुदूर संवेदन उपयोगी पडते.

सुदूर संवेदन म्हणजे वस्तूला स्पर्श न करता दुरून तिची माहिती मिळविणे. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. स्वच्छ पाणी ते बहुतांशी शोषून घेते. उपग्रहावरील संवेदक हे किरण मोजतो. चित्र तयार करताना या अदृश्य किरणांना लाल रंग देण्याची पद्धत आहे. म्हणून अशा चित्रात जंगल लालभडक, स्वच्छ नदी काळसर, तर उघडी खाण आणि गढूळ पाणी फिकट निळसर दिसते. प्रथम पाहणारा गोंधळतो, हे खरे!

अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये आणि भारताचा आयआरएस-१ए १९८८ मध्ये अवकाशात गेला. निरनिराळ्या वर्षांची चित्रे शेजारी ठेवली, की लाल पट्टा कोठे तुटला आणि खाण किती पसरली, हे कळते. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले, पुढे काही काळ सुरू झाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. मात्र खोदकाम थांबल्याने मातीचे ढीग नाहीसे होत नाहीत. त्यांच्यावर नजर ठेवावीच लागते.

या साधनाची मोठी अडचण अशी, की गाळ वाहतो पावसाळ्यात आणि नेमके तेव्हाच आकाश ढगांनी झाकलेले असते. रडारच्या लहरी ढगांतून पार जातात. पण त्यांना पाण्याचा गढूळपणा कळत नाही. पाण्यात विरघळलेले धातूही उपग्रहाला दिसत नाहीत. त्यासाठी चित्र हाती घेऊन कोणीतरी त्या बांधावर जावे लागते आणि बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत न्यावे लागते.