पिकअपला अडखळणारी जुनी एमपीएफआय गाडी
जुनी मारुती 800 एमपीएफआय किंवा सँट्रो येते, तक्रार एकच: ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गाडी उचलतच नाही. बोरिवलीत सर्व्हिस रोडवरून हायवेला चढताना तो क्षण जिवावर बेतू शकतो.

लगेच फ्युएल पंप बदलू नका. आधी एअर फिल्टर, व्हॅक्यूम पाइपला चीर, थ्रॉटल बॉडीतला कार्बन, प्लग बघा. मग चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मल्टिमीटर टीपीएसच्या सिग्नल वायरला लावा आणि पेडल हळूहळू दाबा. व्होल्टेज साधारण 0.5 वरून 4.5 कडे सलग चढायला हवं. मध्येच पडलं, तर सेन्सर झिजलाय किंवा कनेक्टर सैल आहे. इथे सगळं ठीक असेल, तर फ्युएल प्रेशर मोजा.

रीडिंग गिऱ्हाईकाला दाखवा. तपासणीचे पैसे तो खुशीने देईल, उगाच बदललेल्या पंपाचे नाही.