पहाटेची पोटदुखी अंगावर काढू नका

पावसाळ्यात कोकणातल्या सड्यांवर कामाला जाणाऱ्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला मी एक गोष्ट निक्षून सांगतो. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक दुखू लागलं, तर आधी सर्पदंशाची शंका घ्या, अ‍ॅसिडिटीचा विचार नंतर. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातला एक गुणी मुलगा ही शंका कुणालाच न आल्यामुळे गेला. पीएच.डी.चं काम निम्म्यावर आलेलं, तिशीही ओलांडली नव्हती.

तो मला ज्युनिअर. जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्याचे मोजके महिने उगवणाऱ्या वनस्पती हा त्याचा विषय. गेंदाच्या जाती ओळखाव्यात तर त्यानेच. त्याची हर्बेरियम शीट्स आजही विभागात आहेत. रोप वर्तमानपत्रात दाबताना एखादं पान तो आठवणीने उलटं ठेवायचा, म्हणजे पानाची खालची बाजूही अभ्यासता यावी. लेबलवर ठिकाण, उंची, तारीख असायचीच. शिवाय गावात त्या रोपाला काय म्हणतात आणि ते कुणी सांगितलं, हेही. एखाद्या आजींनी नाव सांगितलं असेल, तर त्यांचं नाव लिहिल्याशिवाय त्याच्या लेखी लेबल पूर्ण होत नसे. नमुना कसा करावा हे नव्या मुलांना समजावताना मी तीच शीट्स पुढे ठेवतो.

त्या रात्री तो आणि त्याचा सहकारी ओळखीच्या घरी पडवीत चटया टाकून झोपले होते. पहाटे त्याच्या पोटात कळ आली, उलटी झाली. रात्रीचं जेवण बाधलं असेल म्हणून ओवा खाऊन तो पुन्हा आडवा झाला. अंगावर चावल्याची खूण नव्हती, सूज नव्हती. उजाडल्यावर त्याच्या पापण्या वर होईनात; जागरणामुळे असेल असं सगळ्यांना वाटलं. मग जीभ जड झाली, पाणी गिळवेना. जवळच्या दवाखान्यात पोटदुखीवर इंजेक्शन मिळालं, कारण तिथे सांगितली गेली ती पोटदुखीच. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत श्वास थांबला होता. लक्षणांवरून हा मण्यारीचा दंश, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. सहकाऱ्याने धावपळ करण्यात काही कमी केलं नव्हतं. पण मण्यार अशी चावते, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मण्यार रात्री फिरते. उंदीर, पाली, लहान साप शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक असल्याने पुष्कळदा जागही येत नाही. घोणस किंवा फुरसं चावलं की वेदना आणि सूज येते, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. मण्यारीच्या दंशात तसं काही घडत नाही आणि वेळ हातची जाते. तिचं विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतं. पापण्या मिटू लागतात, गिळणं आणि बोलणं अवघड होतं, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. मज्जातंतूंना एकदा इजा झाली की अँटीव्हेनम ती भरून काढू शकत नाही. म्हणून ते लवकर मिळायला हवं. उशीर झाला तरी आशा सोडायची नसते. व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला, तर काही दिवसांत स्नायू पुन्हा काम करू लागतात.

सापांच्या जाणकारालाही हे विष सोडत नाही. सप्टेंबर 2001 मध्ये उत्तर म्यानमारमध्ये जो स्लोविन्स्की या अमेरिकी सर्पतज्ज्ञांना मण्यारीच्याच कुळातला साप चावला. पिशवीतला साप बिनविषारी जातीचा असावा असा समज होता. साथीदार कित्येक तास तोंडाने श्वास देत राहिले, पण खराब हवामानामुळे वेळेत मदत पोचली नाही. स्लोविन्स्की 38 वर्षांचे होते. आपल्याकडे तर 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. आपल्या फील्डवर्कचे महिने नेमके हेच.

म्हणून मुक्कामाला जमिनीवर झोपू नका. खाट मागून घ्या. ती नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचा. बॅटरी उशाशी ठेवा. पहाटे पोटात दुखलं, उलटी झाली, पापण्या जड झाल्या तर उजाडायची वाट बघू नका; 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा ते हे: "रात्री जमिनीवर झोपलो होतो." रक्त गोठण्याची वीस मिनिटांची तपासणी ठीक आली म्हणून घरी परतू नका. ती घोणस-फुरशाचं विष दाखवते, मण्यारीचं नाही. दोरी आवळणं, ब्लेड मारणं, मांत्रिकाकडे नेणं यात फक्त वेळ जातो. साप मारून किंवा पकडून आणायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच अँटीव्हेनम चालतं. ग्रामीण भागातही हे उपचार नीट होऊ शकतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशासोबत मण्यार आणि नागाच्या दंशावरचे उपचारही तिथेच राहून केले आणि त्यावर शोधनिबंध लिहिले.

आता गाइडना विनंती. फील्डच्या परवानगीवर सही करताना नकाशा आणि नमुन्यांची यादी आपण बघतोच. त्यासोबत विचारा: मुक्काम कुठे, झोपायची सोय काय, अँटीव्हेनम असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, व्हेंटिलेटर कुठे, आणि रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार? विद्यार्थ्याने रुग्णालयात स्वतः फोन करून खात्री केलेली असावी. प्रोजेक्टच्या खर्चात खाट, मच्छरदाणी आणि गाडीभाडं धरा. मध्यरात्री फोन आला तर "सकाळी बघू" असं आपल्या तोंडून निघता कामा नये, आणि उगाच फोन केला म्हणून बोलणी बसतील ही भीती मुलांच्या मनात राहता कामा नये. एवढी उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका. आणि विद्यार्थ्यांनो, सही मिळाली तरी एवढी तयारी झाल्याशिवाय घराबाहेर पडू नका.