पाणथळीतील रानगुलाब

गुलाब हे थंड हवेचे फूल होय, असा सार्वत्रिक समज आहे. गुलाबाच्या सुमारे १५० वन्य जातींपैकी बहुतेक उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण प्रदेशात आढळतात. त्यामुळे हा समज निराधार म्हणता येत नाही. तथापि, या नियमास भारतातच एक अपवाद आहे. ‘रोझा क्लायनोफिला’ ही ती वन्य जात होय. बंगाल व बिहारच्या सखल भागांत नदीकाठी आणि दलदलीच्या जागी ती वाढते. राजस्थानातील अबू पर्वतावरही ती आढळते. हिची फुले पांढरी, पाच पाकळ्यांची व एकेरी असतात. मुळाशी पाणी साचल्यास बागेतील गुलाबाची मुळे कुजतात. ही जात मात्र पावसाळ्यात पाण्याखाली जाऊनही तग धरते.

बागेतील गुलाबांचा विचार करता हा गुण मोलाचा आहे. १८६७ साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा वाण पुढे आला व ‘हायब्रिड टी’ वर्गाचा आरंभ त्यापासून मानला जातो. या गुलाबांच्या वंशात भारतीय मैदानातील जातींना स्थान मिळाले नाही. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा हीच झाडे कोमेजतात. ही उणीव भरून काढण्यासाठी कोडाईकनाल येथील गुलाबतज्ज्ञ एम. एस. विराराघवन यांनी क्लायनोफिलाचा, तसेच मणिपूरच्या डोंगरातील ‘रोझा जायगँटिया’ या वेलगुलाबाचा संकरासाठी उपयोग केला.

हे कार्य सोपे नाही. क्लायनोफिलात १४ गुणसूत्रे असतात, तर बहुतेक हायब्रिड टी गुलाबांत २८. त्यामुळे पहिल्या पिढीतील संकर पुष्कळदा वंध्य निघतात. शिवाय वन्य जातीचा वर्षातून एकदाच फुलण्याचा गुण संततीत प्रथम प्रबळ ठरतो. बारमाही फुलणारा वाण हाती येण्यास अनेक पिढ्यांचा धीर लागतो.

यासाठी लागणारे मूळ द्रव्य मात्र पाणथळीतच आहे. भराव घालून, झुडपे तोडून अशा जागा सपाट केल्या, तर उद्याच्या उष्ण उन्हाळ्यांत उपयोगी पडणारे गुण कायमचे नष्ट होतील. ओढ्या-तळ्यांचे काठ साफ करण्यापूर्वी तेथील वनस्पतींची नोंद करणे, हे ग्रामपंचायतींना व शाळांना सहज करता येण्याजोगे काम आहे. निरुपयोगी काटेरी झुडूप म्हणून जे तोडले जाते, ते एखाद्या उद्यानवनस्पतीचे पूर्वज असू शकते.