झोपेच्या मागे लागू नकोस

औंढे, ता. मावळ

चि. मानसीस,


रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, असं लिहिलंस आणि खाली कारणांची यादी दिलीस: परीक्षा, फी, पुढच्या नोकरीचा घोर. यादी खरी आहे, पण तुझी झोप आता तिच्यामुळे उडालेली नाही असं मला वाटतं. तीच परीक्षा, तोच घोर तुझ्या मैत्रिणींनाही आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणी घोरत पडतात. त्यांना परीक्षेची काळजी आहे. तुला परीक्षेची आहे आणि वर झोपेचीही. आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाची कारणं तीन थरांत मांडली: मुळातला स्वभाव, त्रास सुरू करून देणारा प्रसंग आणि प्रसंग सरल्यावरही त्रास टिकवून धरणाऱ्या सवयी. चिंताळू, सगळं बिनचूकच व्हायला हवं असा हट्ट धरणारी मुलगी आधीच काठावर असते. परीक्षा तिला ढकलते, पण पुढचं काम सवयी करतात. नऊलाच अंथरुणात शिरायचं, घड्याळ पाहून ‘आता लागली तरी चारच तास’ असा हिशेब मांडायचा, दुपारी भरपाई करायची, रविवारी अकरापर्यंत लोळायचं. हे सगळं झोपेसाठीच चालतं आणि त्यानेच ती लांबते. ॲलिसन हार्वी यांनी २००२ साली हाच फेरा उलगडून दाखवला: झोप न येण्याची धास्ती शरीराला जागं ठेवते, मग माणूस झोपेवर पहारा देतो, आणि झालेली झोपही त्याला कमीच वाटू लागते.

याचा पुरावा तुझ्याच पत्रात आहे. शनिवारी लोकलने लोणावळ्याला उतरून घरी आलीस की इथे तुला झोप लागते. वहिनी त्याचं श्रेय मावळच्या हवेला देते. थोडं द्यायला माझी हरकत नाही (पावसाळ्यातली कुबट पांघरुणं वगळून), पण निद्रानाश असलेल्या अनेकांना नेहमीची खाट सोडून दुसरीकडे बरी झोप लागते, मग तिथली हवा कशीही असो. कारण ज्या खाटेवर तू वाचतेस, जेवतेस, मोबाइल चाळतेस आणि तळमळतेस, ती खाट हॉस्टेलवर आहे. तिच्यावर पाठ टेकली की मन आपोआप जागं होतं. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला उपाय यावरच बेतलेला आहे: पेंग आली की मगच आडवं व्हायचं, थोड्या वेळात झोप लागली नाही की उठून मंद उजेडात दुसरीकडे बसायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचं.

तिघींच्या खोलीत ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे, हा आक्षेप रास्त आहे. खुर्ची चालेल, तीही नसेल तर गादी गुंडाळून खाटेच्या कडेला बस. उठल्याने आहे तीही झोप जाईल, हेही पहिल्या काही रात्री खरं ठरेल. पण जागेपणी झोपेची ओढ साठत जाते आणि दुपारच्या डुलकीत ती खर्ची पडली नाही, तर पुढच्या रात्री कामी येते. गोळीचं म्हणशील, तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांसाठी आधी ही वर्तनोपचाराची वाट आणि मग गोळीचा विचार, असा क्रम सांगितला. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी तर नकोच.

पुण्यातल्या अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात, त्यामुळे जागणं हीच मेहनत असं तुम्हा हॉस्टेलवाल्यांना वाटतं. प्रयोग मात्र उलटंच सांगतो. इथे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापली त्याच वर्षी, १९२४ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातल्या जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. पाठांतरानंतर ते झोपले तेव्हा जास्त आठवलं, जागे राहिले तेव्हा कमी. कैवल्यधामचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते: शवासन जरूर कर, पण ‘आता येईल झोप’ अशी वाट बघत केलंस तर तीही एक परीक्षाच होईल.

आठवड्यात तीन रात्री झोप उडालेली, असे तीन महिने होत आले असतील, किंवा कशातच मन रमत नसेल, तर माझ्या पत्रांवर विसंबू नकोस. विद्यापीठातल्या समुपदेशकाला भेट. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. आणि येत्या रविवारी इथे आलीस तरी सातला उठवणार आहे, वहिनी काहीही म्हणो.

तुझी,
आत्या