भुईमुगाची शेंग मातींत कशी पोसते?

भुईमुगाचें फूल जमिनीवर उमलतें आणि शेंग जमिनींत सांपडते. म्हणून ती मुळांवर धरते असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा होय. पिवळ्या फुलांत त्याच फुलाचे पराग स्त्रीकेसरावर पडून गर्भधारणा होते. पाकळ्या सुकतात व बुडांतून आरी निघते. टोकाशीं कोंवळें बीज घेऊन ती मातींत शिरते. अंधार व ओल मिळाली म्हणजेच शेंग फुगूं लागते. उंच फांदीवरील पुष्कळ आऱ्या वाटेंतच वाळतात.

मुळांनीं शोषलेला चुना पाण्याबरोबर पानांकडे जातो, कारण पानांतून वाफ होत असल्यानें पाण्याची ओढ तिकडे असते. तेथून तो शेंगेकडे परत उतरत नाहीं. सबब शेंगेस लागणारा चुना तिला आपल्या सालीवाटे भोंवतालच्या ओल्या मातींतूनच घ्यावा लागतो. तो न मिळाल्यास शेंग पोचट राहते.

भोर तालुक्यांत भोंगवलीकडे पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यापेक्षां पाऊस कमी. उघडीप लांबली कीं जमीन कठीण होऊन आऱ्या शिरत नाहींत. यास्तव शेतकरी बंधूंनीं खुरपणी-कोळपणी आऱ्या सुटण्यापूर्वींच उरकून माती भुसभुशीत करावी. पुढें कोळपें घालूं नये. तुटलेली आरी म्हणजे गेलेली शेंग. हेक्टरीं ४०० किलो जिप्सम, निम्मे पेरतांना व निम्मे आऱ्या सुटतांना, झाडांच्या बुडाजवळ वरच्या थरांत द्यावें. पाण्याची सोय असल्यास या वेळीं ओल तुटूं देऊं नये.