वाघूर नदीचें छायाचित्र

हिवाळा सुरू होऊन शाळांच्या सहली निघूं लागल्या, कीं अजिंठ्याच्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागते. संध्याकाळीं मुलें घरीं परततात तेव्हां प्रत्येकाच्या संग्रहीं शेंपन्नास छायाचित्रें जमलेलीं असतात. लेण्याच्या दारांत उभा राहिलेला घोळका त्यांत असतो, माकडें असतात, डबे सोडून बसलेली मंडळी असते. परंतु ज्या नदीनें तो डोंगर कापला आणि जिच्यामुळें त्या रानांत भिक्षूंना राहतां आलें, तिचें एकहि चित्र बहुधा सांपडत नाहीं. कारण विचारावें तर, "नदींत पाणीच नव्हतें," असें उत्तर मिळतें. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. पाणी थोडें असतें हें खरें. पण नदीचें चित्र म्हणजे केवळ पाण्याचें चित्र नव्हे, आणि थोड्या पाण्याचेंहि चित्र काढतां येतें. तें कसें, याचा विचार विद्यार्थिमित्रांनीं सहलीस निघण्यापूर्वींच करावा.

वाघूर ही तापीस मिळणारी नदी. अजिंठ्याच्या डोंगरांत ती सात टप्प्यांनीं खालीं उतरते. त्या ठिकाणास सातकुंड म्हणतात. तेथून पुढें तिचें पात्र घोड्याच्या नालासारखें वळलें आहे, आणि त्या वळणाच्या बाहेरच्या कड्यांत सुमारें तीस लेणीं कोरलेलीं आहेत. कडा सुमारें अडीचशें फूट उंच आहे. खडक काळा, लाव्ह्याचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरावर थर पसरून तो तयार झाला, आणि ते थर दरींत आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. पावसाळ्यांत येथें पाणी गर्जत कोसळतें. डिसेंबरांत धोंड्यांमधून जाणारी एक बारीक धार आणि मधून मधून सांचलेले डोह एवढेंच उरतें. परंतु याच दिवसांत नदीचा तळ, तिनें घांसून गुळगुळीत केलेले दगड व कड्याचा पायथा उघडे पडतात. नदीनें काय काम केलें आहे तें पुरांत दिसत नाहीं, तें आतां दिसतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आज आपण एका लेण्यांतून दुसऱ्या लेण्यांत बांधलेल्या वाटेनें जातों. ही वाट अलीकडची आहे. प्राचीन काळीं लेण्यालेण्यास नदीपासून स्वतंत्र पायऱ्या होत्या व त्यांतील बहुतेक आतां नाहींशा झाल्या आहेत. सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या जिन्याच्या दाराशीं दोन दगडी हत्ती कोरलेले आहेत, ते या जुन्या व्यवस्थेची साक्ष देतात. म्हणजे ज्यांनीं हीं लेणीं कोरविलीं, त्यांना तीं खालून, पाण्याजवळून दिसत असत. २८ एप्रिल १८१९ या दिवशीं जॉन स्मिथ नांवाच्या मद्रासच्या सैन्यांतील अधिकाऱ्यास शिकारीच्या निमित्तानें हिंडतांना दहावें लेणें दिसलें, तेंहि नदीच्या पलीकडच्या उंचवट्यावरून. (त्यानें आपलें नांव खांबावर खरडून ठेवलें. या वाईट खोडीची परंपरा दुर्दैवानें बंद पडलेली नाहीं.) म्हणून आमचें पहिलें सांगणें असें, कीं नदी ओलांडून समोरच्या डोंगरावर चढावें. तेथून नदीचें सारें वळण व कड्यांतील दारांची ओळ एकाच चित्रांत येते.

या दरीच्या आरंभींच्या छायाचित्रकारांत मेजर रॉबर्ट गिल यांचें नांव प्रमुख आहे. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठीं १८४४ सालीं त्यांची नेमणूक झाली, आणि पुढील आयुष्य त्यांनीं बहुतेक याच भागांत काढलें. त्यांनीं रंगविलेल्या मोठमोठ्या नकला लंडनला गेल्या, व १८६६ सालीं सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली तींत त्यांपैकीं बहुतेक जळून गेल्या. इतक्या वर्षांचे श्रम एका आगींत नाहींसे झाले! मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं पुढें आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हां नकला करविल्या. त्यांतल्याहि बऱ्याच १८८५ सालीं लंडनमध्यें आगीच्याच भक्ष्यस्थानीं पडल्या. मात्र गिल यांनीं कॅमेऱ्यानें घेतलेलीं चित्रें टिकलीं. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांचीं दोन पुस्तकें १८६४ सालीं प्रसिद्ध झालीं. छायाचित्राच्या अनेक प्रति निघतात व निरनिराळ्या घरीं जातात. एक जळली तरी दुसरी उरते. गिल १८७९ सालीं वारले. त्यांची कबर भुसावळला, म्हणजे तापीच्याच खोऱ्यांत आहे.

त्या काळीं चित्र काढणें किती कष्टाचें होतें याची कल्पना आजच्या मुलांस येणें कठीण. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची रीत तेव्हां प्रचारांत होती. काचेवर चिकट लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत नेऊन चित्र उठवावयाचें. काचेवर प्रकाश पडूं देण्यास कित्येक सेकंद लागत. त्यामुळें जुन्या चित्रांत वाहतें पाणी दुधासारखें दिसतें. हल्लीं मोबाईलवर एका दमांत वीस चित्रें निघतात. वीस निघतात म्हणून एकहि विचार करून काढलें जात नाहीं, असें मात्र होऊं नये.

आतां प्रकाशाविषयीं. २२ डिसेंबरच्या सुमारास अजिंठ्यास भर दुपारींहि सूर्य क्षितिजापासून सुमारें ४६ अंशच वर असतो. जूनमध्यें तो जवळजवळ डोक्यावर येतो. हिवाळ्यांतल्या दुपारीं आपली सावली आपल्या उंचीएवढी पडते, तें याच कारणानें. मैदानांत काठी रोवून हें कोणीहि पाहावें. असा तिरपा प्रकाश खडकावर पडला म्हणजे प्रत्येक थराच्या कडेखालीं काळी रेघ उमटते व कडा जिवंत वाटतो. उन्हाळ्यांत तोच कडा सपाट दिसतो. परंतु या प्रकाशाची एक अडचण आहे. दरी वळलेली असल्यामुळें तिचा एक भाग उन्हांत असतांना दुसरा गडद छायेंत असतो, आणि आपला डोळा दोन्हीं पाहूं शकतो तसें कॅमेऱ्यास साधत नाहीं. मोबाईलच्या पडद्यावर ज्या भागास बोट लावावें, त्याच्या मानानें तो उजेडाचा हिशेब करतो. काळ्या खडकास बोट लावलें तर आकाश पांढरें फटक पडतें, व त्यांत गेलेला तपशील मागाहून परत आणतां येत नाहीं. यास्तव उन्हांतील भागास बोट लावावें आणि छाया काळी राहिली तर राहूं द्यावी. दरी खोल आहे हें त्या काळोखामुळेंच समजतें.

पाण्याचें रहस्य याहून सोपें आहे. डोहाच्या कांठीं उभें राहून सरळ खालीं पाहिलें, तर पाण्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा दोनच भाग परावर्तित होऊन डोळ्यांकडे येतो. म्हणून तळाचे गोटे दिसतात. तेथेंच उकिडवें बसून नजर पाण्याच्या पृष्ठभागालगत नेली, कीं परावर्तन कितीतरी पटींनीं वाढतें, गोटे नाहींसे होतात आणि समोरचा कडा उलटा होऊन पाण्यांत उतरतो. हातभर रुंदीच्या डोहांत अडीचशें फुटांचा कडा मावतो! "पाणीच नव्हतें" म्हणणाऱ्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा. वारा पडलेला असतांना, म्हणजे बहुधा सकाळीं, प्रतिबिंब स्वच्छ मिळतें.

गिल यांच्या पुस्तकांपैकीं एक जोडचित्रांचें होतें. आपले दोन डोळे सुमारें अडीच इंच अंतरावर असल्यामुळें प्रत्येकास थोडें निराळें दृश्य दिसतें, व त्या फरकावरून मन खोली ओळखतें. हेंच तत्त्व वापरून एक चित्र काढावें, कॅमेरा सरळ रेषेंत उजवीकडे सरकवावा व दुसरें काढावें. किती सरकवावा? चित्रांतील सर्वांत जवळची वस्तु जितकी दूर असेल, त्याच्या तिसाव्या हिश्शाइतका, असा ढोबळ नियम आहे. तीस फुटांवर धोंडा असेल तर एक फूट. दोन्हीं चित्रें शेजारीं ठेवून दुर्बिणीसारख्या जोडभिंगांतून पाहिलीं कीं दरी पुढें उभी राहते. चौकोनी कागदावर छापलेल्या एरव्हींच्या चित्रांत ही खोली मुळींच येत नाहीं.

पालकांस एक विनंति आहे. यासाठीं महागडा कॅमेरा घेऊन देण्याची गरज नाहीं. त्याऐवजीं एक लहान वही द्यावी. प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, कोणत्या धोंड्यावर उभें राहिलों व तोंड कोणत्या दिशेस होतें, एवढें तींत लिहावें. पुढच्या डिसेंबरांत दुसऱ्या वर्गानें त्याच धोंड्यावरून त्याच वेळीं चित्र घ्यावें, आणि दोन्हीं छापून शाळेच्या ग्रंथालयांत ठेवावीं. दहा वर्षांत दहा चित्रें होतील. डोहाचें पाणी कोणत्या वर्षीं कोणत्या दगडापर्यंत होतें, कोणतें झाड पडलें, कोठें दरड कोसळली, हें त्यांवरून सांगतां येईल. भिंतींवरील चित्रांची काळजी घेणारीं तज्ज्ञ माणसें आहेत. नदीची अशी नोंद एखाद्या शाळेनें ठेवली तर ती तिचीच राहील.

सातकुंडाच्या कडेला कोणीहि एकट्यानें जाऊं नये. तेथील शेवाळलेले दगड हिवाळ्यांतहि निसरडे असतात. कड्यावर आग्या मधमाश्यांचीं पोळीं असतात, तेथें आरडाओरडा करूं नये. लेण्यांत फ्लॅश वापरण्यास बंदी आहे. आणि सोमवारीं लेणीं बंद असतात, हें सहलीचा दिवस ठरवितांनाच शिक्षकांनीं पाहून ठेवावें.